घर न खोदता ड्रेनेजची लाइन दुरुस्त करता येते का? काउंटरवर रोज येणारे प्रश्न

जळगावात आमचं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पाइप, ट्रॅप, कमोड, चेंबरची झाकणं हा रोजचा माल, त्यामुळे कोणाच्या घरात काय तुंबलंय ते आम्हाला घरच्यांच्या आधी कळतं. गेली दोन-तीन वर्षं एक नवा प्रश्न सुरू झालाय. कोणीतरी मोबाइलवर रील पाहून येतं आणि म्हणतं, "भाऊ, ते पाइपात पायमोजा घालतात म्हणे, खरं असतं का ते?" पारोळ्याचे एक आप्पा तर व्हिडिओ दाखवून सरळच म्हणाले, "खोदानं कामच नई? मंग कितला लागतीन?"

खरं असतं. मी स्वतःच्या घरात करून घेतलंय, म्हणून रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय.

न खोदता म्हणजे नेमकं करतात काय?

जुन्या पाइपाच्या आत नवा पाइप तयार करतात. फेल्टचा किंवा फायबरचा एक लांब मऊ नळा असतो, तो रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवतात आणि चेंबरच्या तोंडातून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने आत ढकलतात. उशीची खोळ आपण उलटी करतो ना, तसा तो नळा उलटत उलटत पुढे जातो आणि रेझिनची ओली बाजू जुन्या पाइपाला जाऊन चिकटते. मग आत दाब ठेवून रेझिन कडक होऊ देतात, कुठे नुसतं थांबून, कुठे गरम पाण्याने, वाफेने किंवा यूव्ही लाइटने. दाब काढला की आत जोड नसलेला अखंड पाइप उरतो. याला लायनिंग म्हणतात.

हे काही परवाचं फॅड नाही. १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात एरिक वूड नावाच्या माणसाने विटांच्या जुन्या गटारीत हा प्रयोग पहिल्यांदा केला. आपल्याकडे घराघरापर्यंत यायला पन्नास वर्षं लागली एवढंच.

याशिवाय दोन प्रकार आहेत. एकाच जागी तडा असेल तर तेवढाच दोन-तीन फुटांचा पॅच आतून बसवतात, आणि पाइप पारच कामातून गेला असेल तर तो आतूनच फोडून त्याच वाटेने नवीन ओढून घेतात, त्याचं खाली सांगतो.

पण फायदा काय? मजूर लावून दोन दिवसांत खोदून होतं की

खोदून दोन दिवसांत होतं, बरोबर आहे. बुजवून पूर्वीसारखं व्हायला किती दिवस लागतात ते विचारा.

माझ्या घराचंच सांगतो. घर १९८४ चं, मागच्या संडासपासून समोरच्या चेंबरपर्यंत ३८ फूट लाइन, आणि ती जाते कुठून तर स्वयंपाकघराच्या ओट्याखालून, मग देवघराच्या भिंतीखालून, मग पुढच्या खोलीतून. मिस्त्री येऊन बघून गेला, त्याने खडूने फरशीवर रेघ मारली आणि ती रेघ देवघरापाशी आली तशी आई म्हणाली, "इथून पुढे नको". दोन महिन्यांवर बहिणीचं लग्न होतं. ब्रेकर चालला असता तर ओट्याचा कडप्पा गेला असता, खालची कपाटं गेली असती, आणि फरशी तर आमची जुनी मोझॅक, तशी टाइल आता जळगावात काय कुठेच मिळत नाही. शेजारी काकांनी पंधरा वर्षांपूर्वी लाइन खोदून बदलली होती, त्यांच्या हॉलमध्ये मधोमध पांढऱ्या टाइलची पट्टी आहे अजून, पाहुणा आला की आधी ती पट्टी बघतो.

आणि बुजवलेली माती बसते हो. काळ्या मातीत खोदलेला चर कितीही धुम्मस करा, पहिल्या पावसाळ्यात बसणार म्हणजे बसणार, मग वरची फरशी पोकळ वाजायला लागते, मग ती उचकटून परत मुरूम टाका. लोकांच्या हिशोबात हा दुसरा खर्च कधीच नसतो.

म्हणून माझं एक साधं मत झालंय. पाइप कसला आहे, केवढ्याचा आहे हे नंतर बघा, आधी बघा पाइपाच्या डोक्यावर काय उभं आहे. वर ओटा, जिना, भिंत, बोअरवेल, मोठं झाड, शेजाऱ्याची हद्द असं काही असेल तर न खोदता करण्यात फायदाच फायदा. वर नुसतं मोकळं अंगण असेल तर वेगळा विचार, तोही पुढे लिहिलाय.

तुम्ही स्वतः पाइप विकता, मग खोदू नका असं का सांगता?

हा प्रश्न आमच्या हिनेही विचारला होता. खोदलं तर ३८ फूट पाइप, बेंड, सोल्युशन, दोन चेंबर एवढा माल जातो माझा. पण गिऱ्हाईक परत यायला हवं ना, आणि अर्ध्या लोकांना मी खोदायलाच सांगतो, वाचा पुढे.

आपल्या भागात लाइनी एवढ्या का फुटतात?

मुख्य कारण पायाखालीच आहे, काळी माती. कपाशीला सोनं, घराला शाप. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात भेगा पडतात त्यात कोपरापर्यंत हात जातो, तीच माती घराखालीही आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. दरवर्षी फुगणं आणि आकसणं, पाइप थोडा वर थोडा खाली, थोडा इकडे थोडा तिकडे. तापीकाठच्या खोल काळ्या रानात प्लॉट पाडून बसलेल्या कॉलन्यांमध्ये हे जास्त, मुरमावर घर असेल तर बरंच कमी.

त्यात जुनी लाइन चिनी मातीची, म्हणजे स्टोनवेअर. हा पाइप खरं तर उत्तम, ॲसिडलाही दाद देत नाही, पण येतो दोन-दोन फुटांच्या तुकड्यात आणि जोडात डांबरात भिजवलेला काथ्या भरून वरून सिमेंट लावायची पद्धत. ३८ फुटांत १९ तुकडे धरले तर १८ जोड. माती हलली की सिमेंटला केसभर चीर पडते, त्या चिरेतून ओल बाहेर जाते आणि ओलीच्या वासाने झाडाचं मूळ आत येतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला गेलेला, दूरवर पाणी नाही, मग कडुनिंबाचं मूळ जाणार कुठे.

पीव्हीसीच्या लाइनीही बिघडतात, पण तिथे बहुतेकदा मिस्त्रीची चूक असते, खाली रेती न टाकता सरळ मातीवर पाइप ठेवला, जोडाला सोल्युशन नीट नाही, उतार अंदाजपंचे. पाइपांचं गाव म्हणून जळगावची देशभर ओळख आहे, आणि इथेच लोक पाइप बसवताना चार घमेली रेतीचा कंजूसपणा करतात.

कॅमेरा टाकणं गरजेचंच आहे का? की नुसता पैसे काढायचा धंदा?

गरजेचंच आहे. कॅमेऱ्याशिवाय जो लायनिंगचा भाव सांगतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आमच्याकडे नाशिकहून दोघं पोरं आली होती. आधी त्यांनी प्रेशरने लाइन धुतली, काळं पाणी, केस, साबणाचा थर आणि माझ्या लहानपणीची वाटेल अशी एक गोटी बाहेर आली. मग कॅमेरा सोडला, बोटाएवढं डोकं, त्याभोवती लाइटचं कडं, मागे पिवळी लवचिक काठी. स्क्रीनच्या कोपऱ्यात फुटांचा आकडा सरकत होता. १४ फुटांपर्यंत पाइप अगदी स्वच्छ, तपकिरी चकचकीत. २२ फुटांवर स्क्रीन एकदम भरून गेली. पांढरट मुळं, ओल्या जटांसारखी, पाण्याच्या धारेत हळूहळू हलत होती, आणि त्यांच्यात अडकलेला कापूस. आई मागे उभी होती, ती म्हणाली, "हे आपल्या निंबाचं?" अंगणातला निंब तिथून बारा-तेरा फूट लांब. २६ वर एक जोड पाव इंच सरकलेला. बाकी लाइन शाबूत.

म्हणजे ज्याच्यासाठी मिस्त्रीने पूर्ण ३८ फुटांची रेघ मारली होती तिथे दोनच जागा खराब होत्या. हे वरून कोणालाही कळलं नसतं.

एक काळजी घ्या. रेकॉर्डिंग सुरू करताना आधी तुमच्या घराचं दार किंवा चेंबर कॅमेऱ्यात यायला हवं, मग आत सोडायचा, आणि फुटांचा आकडा स्क्रीनवर दिसायला हवा. दुसऱ्याच कोणाच्या सडक्या पाइपाचा व्हिडिओ दाखवून घाबरवणारेही फिरतात.

खर्च किती येतो?

भाव फुटावर सांगतात, पण नुसत्या फुटाच्या भावावर जाऊ नका. कॅमेरा, धुलाई, मुळं कापणं, गाडीभाडं, माणसांचं राहणं-खाणं हे बऱ्याचदा वेगळं लावतात. आपल्या भागात मशीनवाले कमी, ते नाशिक, पुणे, सुरत, इंदूर अशा बाजूने येतात, त्यामुळे २० फुटांच्या कामालाही गाडीभाडं तेवढंच पडतं. एकाच गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून बोलावलं तर प्रत्येकाला स्वस्त पडतं, भुसावळकडच्या एका कॉलनीतल्या लोकांना मी हेच सुचवलं होतं आणि त्यांनी केलंही.

नुसती पाइपाला पाइप अशी तुलना केली तर लायनिंग महागच, उगाच खोटं कशाला सांगू. पण खोदाईच्या बाजूला प्रामाणिकपणे लिहा: ब्रेकर, मजुरी, मलबा उचलणं, नवीन पाइप, मुरूम, कोबा, फरशी, ओटा, रंग, पाण्याची लाइन चुकून फुटली तर ती, आणि ते आठ-दहा दिवस संडासची सोय कुठे करणार तेही. आमच्या बाबतीत हे सगळं लिहिल्यावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, मग देवघराने निकाल लावला.

मग खोदावंच लागतं असं कधी होतं?

बऱ्याचदा होतं, आणि हा भाग नीट वाचा कारण विकणारे हे सांगत नाहीत.

लाइन मध्येच खाली बसून तिथे डबकं झालं असेल तर लायनिंगने ते जात नाही. नळा जुन्या पाइपाचाच आकार घेतो, जुना पाइप वाकडा तर नवाही वाकडा, पाणी तिथे साचणारच. काळ्या मातीत असे झोळ खूप सापडतात. कॅमेरा मध्येच पाण्यात बुडाला आणि चार-पाच फुटांनी बाहेर आला तर समजायचं झोळ आहे. उलटा उतार असेल तरी तेच. जुन्या मिस्त्री लोकांचा नियम होता, ४ इंची पाइपाला ४० फुटांत १ फूट उतार, ६ इंचीला ६० फुटांत १ फूट. त्याच्या जवळपासही लाइन नसेल तर आतून कितीही गुळगुळीत करा, मैला अडणारच.

पाइप पूर्ण दबून बंद झाला असेल, म्हणजे कॅमेराही पुढे जात नाही, तर नळा कसा जाईल? निदान तेवढा भाग तरी उघडावाच लागतो.

आणि अंगणातली दीड फूट खोलीवरची मोकळी लाइन असेल, वर माती किंवा सुटी शहाबादी फरशी, तर सरळ खोदा आणि पीव्हीसी टाका, अर्ध्या दिवसाचं काम आहे. फैजपूरकडचे एक दादा केळीच्या पैशातून लायनिंगच करायचं म्हणून आले होते, लाइन गोठ्यामागून मोकळ्या जागेतून. मी म्हटलं दादा, दोन मजूर लावा, उरलेल्या पैशात ठिबकच्या नळ्या घ्या. खाली रेती मात्र टाका, हे तीनदा सांगून पाठवलं.

आत अजून एक पाइप घातल्यावर पाइप लहान नाही का होणार?

होतो थोडा. ४ इंची म्हणजे १०० मिलीमीटरचा पाइप धरा, ३ मिलीमीटर जाडीचं लायनिंग, दोन्ही बाजूंनी मिळून ६ गेले, उरले ९४. पाणी जायची जागा साधारण १२ टक्के कमी झाली. पण जोड गेले, खरखरीतपणा गेला, मुळं गेली, त्यामुळे पाणी आधीपेक्षा जोरात जातं. घरच्या वापराला ४ इंची पाइप एरवीही पूर्ण भरून वाहत नाही. ३ इंची किंवा त्याहून लहान लाइन असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

मुळं परत येतील का? झाड तोडून टाकावं का?

जिथे लायनिंग झालं तिथे जोडच राहिला नाही, मुळाला शिरायला फट नाही. पण जिथे लायनिंग संपतं तिथे, चेंबरच्या तोंडाशी, सिमेंट नीट नसेल तर तिथून येऊ शकतात. ते तोंड पक्कं करून घ्या.

झाड तोडायचं म्हणाल तर आधी परवानगी. शहरी भागात झाड तोडायला महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू आहे, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. आणि तोडून काय होतं, पाइपात गेलेली मुळं तिथेच सडतात आणि चीर तशीच राहते. आमचा निंब आहे अजून, उन्हाळ्यात दुपारी त्याच्याखाली खाट टाकता येते, ते सुख सोडून कोण देणार. उंबर, पिंपळ, वड मात्र लाइनीजवळ नवीन लावू नका.

उन्हाळ्यात करावं का?

शक्यतो नको. हे मी अनुभवाने सांगतोय कारण आमचं काम मे महिन्यातच करावं लागलं.

रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं, ठरावीक मिनिटांत तो नळ्यात भिजवून नळा पाइपात पोचायलाच हवा. आणि तापमान १० अंश वाढलं की हे रसायन साधारण दुप्पट वेगाने घट्ट होतं. थंडीत जिथे तासभर मिळतो तिथे आपल्या ४४ अंशांत वीस मिनिटंही धड मिळत नाहीत. ती पोरं पहिल्यांदाच खान्देशात उन्हाळ्यात आली होती. मी म्हटलं दुपारचं विसरा. पहाटे साडेपाचला निंबाखाली ताडपत्री अंथरली, बर्फाच्या दोन लाद्या आणून रेझिनचे डबे टबात बुडवून ठेवले, मग नळा सपाट पसरून आत रेझिन ओतलं आणि दोन रुळांमधून तो असा पिळत नेला जशी पोळी लाटतात, कुठे कोरडा डाग राहू नये म्हणून. एक जण सारखा हात लावून गरम होतंय का बघत होता. सात वाजायच्या आत नळा पाइपात गेला, दहा वाजता आतून टणक झालेला. बादलीत उरलेलं रेझिन त्याच्याही आधी धूर सोडून दगड झालं होतं, ते बघून कळलं की थोडा उशीर झाला असता तर अर्धा नळा पाइपातच अडकून बसला असता, आणि तो काढायला मग खोदावंच लागलं असतं.

भर पावसाळ्यातही नको, काळ्या मातीतून पाणी जोडांमधून आत ठिबकत असतं आणि ओल्या रेझिनला धुवून नेतं. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. कडाक्याच्या थंडीत सकाळी घट्ट व्हायला वेळ जास्त लागतो, तेवढं चालतं.

काम चालू असताना घरात राहता येतं का? वास येतो का?

राहता येतं. फक्त धुलाईपासून रेझिन पक्कं होईपर्यंत संडास, मोरी, सिंक काहीच वापरायचं नाही, म्हणजे एक पूर्ण दिवस धरा. घरात म्हातारं माणूस असेल तर शेजाऱ्यांकडे आधी सांगून ठेवा.

वास कोणतं रेझिन आहे त्यावर. पॉलिस्टर किंवा व्हिनिल एस्टर असेल तर त्यात स्टायरिन असतं, फायबरच्या टाक्या बनवतात त्या शेडमध्ये येतो तसा उग्र वास येतो, डोकं चढतं. इपॉक्सीला वास फारच कमी. घरातल्या लाइनीसाठी इपॉक्सीच मागा, थोडं महाग असलं तरी. आणि काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखाली पाणी साठून वास अडतो त्या भांड्यात, पाणी ओता, कोरड्या ट्रॅपमधूनच वास घरात चढतो. ओल्या रेझिनला लहान मुलांना हात लावू देऊ नका, अंगाला खाज सुटते.

किती वर्षं टिकतं?

लायनिंगचं डिझाइन ५० वर्षांचं धरून केलेलं असतं. आपण करून घेतलेलं तेवढं टिकेल की नाही हे भिजवण्यावर, जाडीवर आणि आधीच्या धुलाईवर अवलंबून. तेलाचा थर तसाच ठेवून वरून नळा चिकटवला तर तो सुटणारच.

नंतर दोन गोष्टी टाळा. एक, तुंबलं की लोखंडी सळई खुपसणं. दुसरं, ते कॉस्टिकचे दाणे ओतणं, पॉलिस्टर रेझिनचं आणि कॉस्टिकचं जमत नाही. भरिताच्या आणि शेवभाजीच्या कढईचं तेल सिंकमध्ये ओतणं तर आजपासूनच बंद करा, थंड पाइपात जाऊन ते मेणासारखं बसतं, ती काही पाइपाची चूक नाही.

स्वयंपाकघराची लाइन मध्येच येऊन मिळते, तिचं काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच कोणी विचारत नाही. नळा सरळ जातो तेव्हा मध्ये मिळणाऱ्या लाइनीचं तोंड तो झाकून टाकतो. मग आतून छोटं रोबोट कटर घालून ते तोंड पुन्हा कापून मोकळं करावं लागतं. मोठ्या पाइपात हे सोपं, ४ इंचीत अवघड, आणि तेवढं लहान कटर सगळ्यांकडे नसतं.

अमळनेरला माझ्या मावशीकडे दुसऱ्याच कोणी काम केलं, व्हिडिओ छान, पाइप आतून चकाचक, ते लोक संध्याकाळी पैसे घेऊन गेले. रात्री मावशीने भांडी घासली आणि सिंकचं पाणी मोरीतून वर आलं. वायचं, म्हणजे सिंकची लाइन येऊन मिळते त्या जोडाचं, तोंड बंदच राहिलं होतं. चार दिवस त्या माणसाने फोन उचलला नाही, शेवटी मोरीच्या कोपऱ्यात फरशी फोडून हाताने कापावं लागलं. ज्या खोदाईतून सुटायचं होतं तीच झाली, लहान का होईना.

म्हणून आधी घरातल्या सगळ्या जोडण्या कागदावर काढा, प्रत्येक ठिकाणी पाणी सोडून कॅमेऱ्यात ती कुठे येते ते फुटांसकट लिहून घ्या, आणि काम झाल्यावर शेवटचे पैसे द्यायच्या आधी प्रत्येक नळ दहा-दहा मिनिटं सोडून बघा.

पाइप आतून फोडून नवीन ओढतात तो प्रकार आपल्याकडे चालेल का?

त्यात एक लोखंडी शंकू जुन्या पाइपातून ओढतात, तो जुना पाइप फोडून बाहेर मातीत दाबतो आणि मागोमाग एचडीपीईचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा, अखंड नवीन पाइप येतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये गॅसच्या बिडाच्या लाइनी बदलायला हे निघालं. फायदा हा की ४ च्या जागी ६ इंचीही ओढता येतो. पण दोन टोकांना खड्डे लागतातच, आणि लाइन फार वर असेल तर फरशी फुगून उचलली जाऊ शकते. आपल्याकडच्या घरांत लाइन दीड-दोन फुटांवरच असते, म्हणून घराखाली मी सुचवत नाही. कंपाउंडपासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत खोल लाइन असेल तर ठीक.

आमच्याकडे सेफ्टी टँक आहे, भुयारी गटार नाही. तरी करता येईल?

सेप्टिक टँक म्हणायचंय ना, हो, करता येतं. घरापासून टाकीपर्यंतची लाइन तशीच लायनिंग होते. पण आधी टाकी भरलेली नाही ना ते बघा. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायला हवी, आपल्याकडे वीस-वीस वर्षं कोणी झाकण उघडत नाही आणि मग लाइन तुंबली म्हणून पाइपाला शिव्या. दहातले तीन-चार लोक माझ्याकडे लाइन बदलायला येतात आणि गाडी बोलावून टाकी उपसल्यावर घरी जाऊन झोपतात.

चेंबरमध्ये माणूस उतरवावा लागतो का?

अजिबात नाही, आणि उतरवायचाही नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारीत किंवा टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, घरमालकावरही येतं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, जास्त झाला की वाससुद्धा कळेनासा होतो आणि माणूस जागीच पडतो. गटारीत मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई द्या असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय, त्याआधी १० लाख होती. कॅमेरा आणि जेटिंगचा, म्हणजे प्रेशरच्या पाण्याने धुण्याचा, मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, पण हा मुद्दा घेऊन दुकानात आजपर्यंत एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

महापालिकेची परवानगी लागते का?

स्वतःच्या कंपाउंडच्या आत काही नाही. रस्ता खोदायचा असेल तर परवानगी आणि रस्ता दुरुस्तीचे पैसे भरावे लागतात, लायनिंगमध्ये तो भाग वाचतो. पण पालिकेच्या चेंबरपर्यंत काम नेणार असाल तर त्यांना विचारूनच झाकण उघडा.

दुकानात विचारायला येताना काय आणू?

चेंबरपासून संडासपर्यंतचं अंतर टेपने मोजून आणा, पावलांनी नको. दोन्ही चेंबर उघडून आतले फोटो काढा, पाइप कसला आहे ते दिसायला हवं. घर कोणत्या सालचं, लाइनीवर काय काय उभं आहे, किती वेळा तुंबतं, पावसाळ्यात जास्त की उन्हाळ्यात. आणि छतावर व्हेंट पाइप, म्हणजे लाइनीतली हवा बाहेर सोडणारा उभा पाइप, आहे का, त्याच्यावर टोपी आहे का की कबुतराचं घरटं, ते एकदा वर जाऊन बघा. मागच्या महिन्यात धरणगावचे एक भाऊ लायनिंगचा भाव विचारायला आले होते, त्यांचं काम तीस रुपयांच्या टोपीत झालं.

दुकान सोमवारी बंद असतं.